न फुटलेल्या अंड्यांचा हिशेब

पिंपळगाव बसवंत म्हटले की डोळ्यांपुढे बाजार समितीचे आवार येते, द्राक्षांच्या बागा येतात, टोमॅटोची क्रेट आणि कांद्याच्या चाळी येतात. कोंबडीची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु निफाड तालुक्यातल्या मळ्यांतून सकाळी जरा लवकर हिंडलात, तर बागेच्या कडेने उकरत चाललेल्या गावरान कोंबड्या जागोजाग दिसतील. द्राक्षांचा पैसा वर्षाकाठी एकदा यायचा, आणि तोही अवकाळी पावसाने आणि गारांनी येऊ दिला तर. कोंबडीचा पैसा थोडा खरा, पण तो आठवड्याच्या आठवड्याला येतो आणि पुष्कळ घरांत तो घरातल्या बाईच्या हाती पडतो. मुलाची वही, सासूचे औषध, एस.टी.चे भाडे असले खर्च त्यातून निघतात.

म्हणून आजचा विषय लहान दिसला तरी लहान नाही. घरी अंडी उबवायला ठेवली, एकवीस दिवस राखण केली, आणि शेवटी निम्मीसुद्धा पिल्ले निघाली नाहीत. तर चूक कुठे झाली हे ओळखायचे कसे?

याची उत्तरे आपल्याकडे तयार असतात. वीज कडाडली म्हणून अंडी गेली. कोणाची तरी नजर लागली. कोंबडा म्हातारा झाला, त्याला काढून टाका. आणि सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे, सुनेने विटाळात हात लावला. मंडळी, या चारांपैकी कोंबड्याचे उत्तर तेवढे तपासून पाहण्याजोगे आहे. बाकीच्या तिहींचा पिल्लू निघण्या-न निघण्याशी काहीएक संबंध नाही. एकवीस दिवस जिने पाणी घातले, अंडी फिरवली, तिच्याच माथी दोष येतो. खरा दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि पुढच्या खेपेलाही अंडी जातात.

खरे काय झाले हे सांगणारा साक्षीदार आपल्याच घरात असतो आणि त्याला आपण उकिरड्यावर फेकतो. न फुटलेले अंडे हाच तो साक्षीदार. ते फोडून पाहावे, एवढीच माझी आजची मुख्य सूचना आहे.

ही सूचना काही नवी नाही. अडीच हजार वर्षांच्या आसपास होत आली, ग्रीक वैद्यांच्या एका ग्रंथात असे सांगितले आहे की, वीस किंवा अधिक अंडी दोन-तीन कोंबड्यांखाली ठेवावीत आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक फोडून पाहावे. पुढे ॲरिस्टॉटलनेही अंड्यातल्या पिल्लाची वाढ लिहून ठेवली. तीन दिवस आणि तीन रात्री उलटल्या की रक्ताच्या ठिपक्याएवढे हृदय उडताना दिसते, असे त्याने म्हटले आहे. आपल्याकडे पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. एकदा अंडे म्हणून आणि एकदा अंड्यातून. या दोन जन्मांच्या मधल्या एकवीस दिवसांत तो कोणत्या दिवशी थांबला, एवढे कळले म्हणजे अर्धे निदान झाले.

आता पाहायचे कसे ते सांगतो. बाविसावा दिवस संपला, की उरलेली अंडी घराबाहेर मोकळ्या जागी घेऊन जा. अंड्याचा बोथट भाग वर धरा, तिकडे हवेची पोकळी असते, आणि तिथून टोपण काढल्यासारखे हळूच कवच काढा. अंड्याला आधीच घाण वास येत असेल किंवा ते पाझरत असेल, तर मात्र ते फोडू नका, तसेच पुरा. बाकीच्या अंड्यांचे चार वाटे करा.

पहिला वाटा वांझ अंड्यांचा. यात गर्भ धरलेलाच नसतो. बलकावर पांढरा, बारीक, घट्ट ठिपका तेवढा दिसतो. दुसरा वाटा पहिल्या आठवड्यात मेलेल्या गर्भांचा. इथे रक्ताचे वर्तुळ किंवा लाल रेघा दिसतात, नाही तर बारीकसा गर्भ दिसतो. तिसरा वाटा मधल्या दिवसांचा. डोळा, चोच, पिसांची सुरुवात झालेली असते, पण पिल्लू अपुरे असते. आणि चौथा वाटा पूर्ण वाढलेल्या, पण बाहेर न आलेल्या पिल्लांचा.

आता एक हिशेब करू. शाळेतले गणित म्हणूनच घ्या. दोन घरी चाळीस-चाळीस अंडी ठेवली आणि दोन्हींकडे अठरा-अठराच पिल्ले निघाली. प्रत्येकी बावीस अंडी गेली. वरून पाहता दोघांचे दुखणे एकच. पण अंडी फोडल्यावर पहिल्या घरी वांझ निघाली बारा, पहिल्या आठवड्यातली तीन, मधल्या दिवसांतले एक आणि पूर्ण वाढलेली सहा. दुसऱ्या घरी वांझ दोनच, पहिल्या आठवड्यातली चौदा, मधल्या दिवसांतली दोन आणि पूर्ण वाढलेली चार. पहिल्या घरी गर्भ धरलेली अंडी होती अठ्ठावीस. त्यांतून अठरा पिल्ले म्हणजे शेकडा ६४. दुसऱ्या घरी धरलेली होती अडतीस. त्यांतून अठरा म्हणजे शेकडा ४७. पहिल्या घराने आधी कोंबड्याकडे आणि मग शेवटच्या तीन दिवसांकडे पाहावे. दुसऱ्या घराचा कोंबडा अगदी चोख आहे, त्याला हात लावू नये. त्यांचा दोष अंडी साठवण्यात आहे. घरगुती यंत्रात धरलेल्या शंभर अंड्यांमागे पंचाहत्तर-ऐंशी पिल्ले निघाली तर समाधान मानावे, इतके प्रमाण ध्यानात ठेवा.

आता एकेक वाटा घेऊ.

वांझ अंडी पुष्कळ निघाली, तर पहिला प्रश्न असा की आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा आहे का? तो फार म्हातारा किंवा लंगडा आहे का? त्याच्या अंगावर उवा-पिसवा फार आहेत का? आणि एकाच घरातली वीण पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे का? तसे असेल तर दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या घरून कोंबडा बदलून घ्यावा. नवा कोंबडा आणल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत, कारण आधीच्या कोंबड्याचा प्रभाव दहा ते चौदा दिवस टिकू शकतो. दोन आठवडे थांबावे, हे बरे.

दुसऱ्या वाट्यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ साधारण २० ते २४ अंश सेल्सिअसच्या वरच्या उबेत हळूहळू वाढू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी काय उष्मा असतो, हे मी सांगायला नको. तिथे टोपलीत आठ दिवस अंडी साठवली, तर गर्भ दिवसा वाढू लागतो, रात्री थबकतो, पुन्हा वाढतो आणि अशक्त होऊन मरतो. अंडे यंत्रात जाण्यापूर्वीच गेलेले असते. सातव्या दिवशी दिव्यावर पाहिले तर असले अंडे पुष्कळदा कोरे दिसते आणि आपण म्हणतो, “वांझ आहे, कोंबड्याचा दोष.” म्हणून कोरे दिसणारे एखादे अंडे सातव्या दिवशी फोडून पाहावेच. वांझ अंड्यातला ठिपका बारीक आणि घट्ट असतो. गर्भ धरून लवकर मेला असेल तर त्या जागी पसरट, पांढुरका डाग दिसतो. हा फरक दोन-चार अंड्यांत नजरेला बसतो.

उपाय साधा आहे. अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. घरातल्या गार कोपऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, टोकदार बाजू खाली करून ती ठेवावीत. घरातल्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत, तिथली थंडी फार होते. हिवाळ्यात उलट काळजी. निफाडचा पारा थंडीच्या लाटेत किती खाली उतरतो, हे दरवर्षी आपण वर्तमानपत्रात वाचतो. अशा दिवसांत खुराड्यातली अंडी दिवसातून दोन-तीनदा उचलावीत. आठवडे बाजारातून मोटारसायकलवर आणलेली अंडी हिंदकळलेली असतात. त्यांना एक रात्र स्वस्थ राहू द्यावे आणि मग बसवावे. मळलेली अंडी धुऊन लावू नयेत. कवचावर हजारो बारीक छिद्रे असतात आणि वर एक नैसर्गिक लेप असतो. धुण्याने लेप जातो आणि घाण आत शिरते.

तिसऱ्या वाट्यात अंडी जास्त असली, तर कोंबडीच्या खाण्याकडे पाहा. नुसत्या मक्यावर बांधून ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यात गर्भाला पुरेसे जीवनसत्त्व, विशेषतः ब-२, मिळत नाही. तिला रोज थोडा लसूणघास किंवा पाला, बारीक शिंपले आणि हिंडायला जागा द्या. मोकळी हिंडणारी कोंबडी बरेचसे स्वतःच मिळवते. याच दिवसांत वीज जाण्याचा फटकाही बसतो. पण घाबरू नका. खुडूक कोंबडीदेखील दिवसातून थोडा वेळ उठून दाणापाणी करतेच. थोड्या वेळापुरती थंडी अंडे सोसते, फक्त पिल्ले निघायला उशीर होतो. यंत्रावर गोधडी टाका. मात्र बाराव्या-तेराव्या दिवसानंतर हवेची भोके बुजवू नका. तोवर गर्भ मोठा झालेला असतो, स्वतः ऊब देऊ लागतो आणि त्याला श्वासाला हवा लागते. थंडीपेक्षा उष्मा घातक, हे मनात पक्के ठेवा. वीज आल्यावर “आता भरून काढू” म्हणून मोठा बल्ब लावणारा माणूस अंडी मारतो.

उबेचा विषय निघालाच आहे तर यंत्राबद्दल बोलू. थर्माकोलची पेटी, बल्ब, छोटा पंखा आणि उष्णता राखणारी चकती असे यंत्र आता कित्येक घरांत दिसते. यंत्र चांगले असते, पण त्यातला तापमापक खरे बोलतो की नाही, हे कोणी पाहत नाही. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस ऊब हवी. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला सुमारे ३८.५ अंश हवी. एका अंशाने इकडे-तिकडे झाले तरी फळ बदलते. तेव्हा ताप पाहायचा थर्मामीटर आणि पेटीतला तापमापक कोमट पाण्याच्या एकाच भांड्यात शेजारी-शेजारी धरा आणि दोघांत किती फरक पडतो ते लिहून ठेवा. इजिप्तमध्ये भट्टीसारख्या खोल्यांतून हजारो अंडी उबवण्याची जुनी रीत आहे. तिथले कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. ती पापणी पिढ्यांच्या सरावाने तयार झालेली असते. आपण थर्मामीटर वापरावा हे बरे. पेटीही अशा खोलीत ठेवावी की जिथे ऊन येत नाही आणि जिथे फवारणीची औषधे ठेवलेली नाहीत.

आता चौथा वाटा. पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मेलेले पाहिले की जिवाला चटका लागतो. इथे बहुतेक वेळा ओलावा चुकलेला असतो. ओलाव्याची गोष्ट कांदेवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. चाळीत ठेवलेला कांदा जसा सुकतो आणि घटतो, तसे अंडेही उबवणीत घटते. ते घटलेच पाहिजे. त्यानेच आतली हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेते. अठरा दिवसांत अंड्याची घट शेकडा ११ ते १३ व्हावी. बारा गावरान अंडी घ्या, त्यांवर शिसपेन्सिलीने खूण करा आणि वजन करा. समजा ती ५४० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती सुमारे २५ ग्रॅमने कमी व्हावीत, चौदाव्या दिवशी ५० ग्रॅमने आणि अठराव्या दिवशी ६५ ग्रॅमने. मधेच त्यांतले एखादे काढले तर उरलेल्यांचे वजन पुन्हा लिहून घ्या, म्हणजे हिशेब तुटत नाही. घट कमी पडते आहे असे दिसले तर पेटीतले पाणी कमी करा. जास्त होते आहे असे दिसले तर वाढवा. पाणी वाढवायचे म्हणजे भांडे खोल नव्हे, पसरट घ्यायचे. ओलावा पाण्याच्या पृष्ठभागावरून येतो. उन्हाळ्यात जी थाळी अपुरी पडते, तीच श्रावणात जास्त होते. म्हणून दुसऱ्याची थाळी पाहून आपली ठरवू नका, वजन पाहून ठरवा.

मापाने चालायचे असेल तर पहिले अठरा दिवस ओलावा शेकडा ५० ते ५५ आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० असावा. साध्या तापमापकाच्या टोकाला ओली वात गुंडाळून तो पंख्याच्या वाऱ्यात ठेवला, तर तो आधी सुमारे २९ अंश आणि शेवटी सुमारे ३२ अंश दाखवील.

मेलेले पिल्लूही नेमके काय घडले ते सांगते. ते फुगलेले, गिळगिळीत असेल आणि अंड्यात पाणी उरले असेल, तर पहिल्या अठरा दिवसांत ओलावा जास्त झाला. आतला पापुद्रा चामड्यासारखा चिवट होऊन अंगाला चिकटला असेल, तर शेवटी ओलावा कमी पडला. हे बहुधा झाकण सारखे उघडून पाहिल्याने होते. डोके टोकदार बाजूला असेल, तर अंडे उलटे ठेवले गेले होते. पिल्ले एकोणिसाव्या दिवशीच निघू लागली आणि बेंबी ओली, रक्ताळलेली दिसली, तर ऊब जास्त होती. तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली तर ऊब कमी होती.

अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावीत. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी खूण केली म्हणजे घोटाळा होत नाही. अठराव्या दिवशी फिरवणे बंद करावे आणि झाकण लावून टाकावे. चोच बाहेर दिसली की मदतीचा मोह होतो. तो आवरा. चोच दिसल्यापासून बाहेर येईपर्यंत पिल्लाला बारा ते चोवीस तास लागतात. एकाला सोडवायला झाकण उघडले की शेजारच्या पाचांचा पापुद्रा सुकतो. निघालेले पिल्लू पोटातल्या बलकावर दिवसभर सहज राहते, त्याला दाण्याची घाई नसते.

ज्यांच्याकडे यंत्र नाही आणि खुडूक कोंबडी आहे, त्यांनी स्वतःला कमनशिबी समजू नये. ऊब, ओलावा आणि फिरवणे ही तिन्ही कामे ती न शिकवता करते. तिच्याखाली दहा-बाराच अंडी ठेवा, सगळी एका दिवशी ठेवा आणि त्यांवर खूण करा. कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच दुरडीत येऊन अंडी घालतात, वयांची खिचडी होते, आणि पहिली पिल्ले निघाली की कोंबडी बाकीची सोडून उठते. तिच्या अंगावरच्या उवा बसवण्यापूर्वीच काढा. उवांनी हैराण झालेली कोंबडी अंडी सोडून बाहेर येते.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला भोक पाडून, खालून बॅटरीच्या प्रकाशात अंडे पाहणे हा विज्ञानाचा फार उत्तम पाठ आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधला हलणारा ठिपका पाहून मुले श्वास रोखून धरतात. फळ्याशेजारी एकवीस रकान्यांचा तक्ता लावा. मुलांनी त्यात रोज ऊब, ओलावा आणि किती वेळा फिरवले ते भरावे, वजनाचा शेकडा हिशेब करावा आणि शेवटी चार वाट्यांचे आकडे लिहावेत. अंडी शिक्षकांनीच फोडावीत, मुलांनी पाहावे आणि टिपावे. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. उरलेले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, कुत्र्या-मांजरांना घालू नये. आणि गावात कोंबड्या अचानक पटापट मरत असतील तर हा पाठ घेऊ नये, तिथली अंडीही उबवू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा कोंबडीपालकांवर काय प्रसंग गुदरला, हे आपल्या बाजूच्या लोकांना ठाऊक आहे.

त्या तक्त्याचा आणखी एक उपयोग होतो. मूल तो घरी घेऊन जाते. घरी पिल्ले कमी निघाली आणि आजी म्हणू लागली की तुझ्या आईचा हात लागला, तर पोराने एवढेच म्हणावे, “आजी, फोडून तर पाहू.” चौदा अंड्यांत रक्ताचे वर्तुळ दिसले, तर पत्र्याच्या खोलीतली टोपली हलवायची आहे हे आजीलाही पटेल. आईवर आलेला आळ जाईल आणि बिचारा कोंबडाही वाचेल.

तेव्हा श्रोतेहो, या खेपेला यंत्राशेजारी किंवा खुराड्याशेजारी एक वही आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवा. अंडी ठेवल्याची तारीख, सातव्या दिवसाची तपासणी, वजन आणि शेवटी चार वाटे, एवढ्याच नोंदी करा. तीन खेपांच्या नोंदी झाल्या की आपल्या घराचा दोष कुठला, हे ती वही आपल्याला सांगेल.